फळे व कोंबडीची कोशिंबीर : पोषण आणि दक्षता

रस्सा किंवा उसळ शिजवून लगेच गरम वाढली, तर त्यातील बहुतेक रोगजंतू उष्णतेने नष्ट झालेले असतात. फळे आणि शिजवलेली कोंबडी यांच्या कोशिंबिरीस मात्र हे संरक्षण लाभत नाही. कारण एकदा कालवल्यावर ती पुन्हा चुलीवर चढत नाही. प्रथिने व जीवनसत्त्वे एकत्र देणारा हा पदार्थ करताना सारी दक्षता आधीच घ्यावी लागते, ती यामुळेच.

चार माणसांसाठी हाडे काढलेले पाव किलो मांस, एक सफरचंद, एक वाटी बिनबियांची द्राक्षे, अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे, अर्धी वाटी चक्का, एका लिंबाचा रस, मीठ व मिरपूड एवढे साहित्य पुरते.

कच्चे मांस नळाखाली धुण्याची पद्धत घरोघरी रूढ आहे. परंतु त्या वेळी उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू ओट्यावर, भांड्यांवर व शेजारच्या फळांवर पसरतात. ते उष्णतेने मरतात, पाण्याने नव्हे. म्हणून मांस न धुता थेट शिजवणे इष्ट. मांसाची सुरी व फळी फळांसाठी वापरू नये. मांस हाताळल्यावर हात साबणाने किमान २० सेकंद धुवावेत.

मांस मिठाच्या पाण्यात पूर्ण शिजू द्यावे. मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान आले, म्हणजे ते खाण्यास सुरक्षित होते. शिजलेले मांस स्वच्छ, पसरट भांड्यात काढून निववावे व त्याच्या फोडी कराव्यात. फळे कापण्यापूर्वी पिण्यायोग्य वाहत्या पाण्यात धुवावीत. अन्यथा सालीवरील घाण सुरीबरोबर गरात जाते. सफरचंदाच्या फोडींना लिंबाचा रस लावल्यास त्या लवकर काळ्या पडत नाहीत. शेवटी सर्व जिन्नस चक्क्यात हलक्या हाताने कालवावेत.

तयार कोशिंबीर दोन तासांच्या आत संपवावी किंवा शीतकपाटात ठेवावी. हवेचे तापमान ३२ अंशांहून अधिक असल्यास ही मुदत एका तासाचीच समजावी. वीजपुरवठ्याचा भरवसा नसेल, तर लागेल तेवढीच कोशिंबीर करणे शहाणपणाचे.

‘शिळे अन्न गरम केले की निर्धोक होते’ हा समज सर्वस्वी खरा नाही. हाताच्या पिकलेल्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस जंतू अन्नात शिरल्यास त्यांनी निर्माण केलेले विष उकळूनही टिकते. म्हणून बोटाला जखम असलेल्या व्यक्तीने स्वयंपाकास हात लावू नये. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा सामुदायिक भोजनात एका दूषित पातेल्याची बाधा अनेकांना होते. लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना तिचा धोका अधिक.

ही दक्षता केवळ गृहिणीची नव्हे. फळे धुण्याचे पाणीच दूषित असेल, तर घरातील सारी काळजी व्यर्थ ठरते. ग्रामपंचायतीने पाणीपुरवठ्यात नियमितपणे ब्लीचिंग पावडर टाकण्याची व्यवस्था ठेवली आणि शिक्षकांनी हात धुण्याची सवय मुलांच्या अंगी बाणवली, तर गावातील प्रत्येक ताट अधिक सुरक्षित होईल.