शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा कोण करणार?

मोहाडी (जि. भंडारा) : भंडारा-तुमसर मार्गावरचे मोहाडी हे चौंडेश्वरी देवीच्या मंदिरासाठी आणि कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे २० किलोमीटरवर, तर कर्करोगाच्या मोठ्या उपचारांसाठी गाठावे लागणारे नागपूर भंडाऱ्याहून आणखी साठेक किलोमीटर. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांच्या निमित्ताने हा रस्ता अनेक कुटुंबांना पाठ होतो. पण 'आता घरी न्या, जेवढी सेवा होईल तेवढी करा' हे शब्द ऐकून परतताना त्यांच्यासोबत बहुधा कोणीच नसते. उपचार थांबतात; आजार मात्र थांबत नाही. तेथून पुढचे आठवडे किंवा महिने घरातील एखादी पत्नी, सून, मुलगी किंवा मुलगाच त्या रुग्णाचा डॉक्टर, परिचारिका आणि पहारेकरी होतो.

पूर्व विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन खोलवर रुजले आहे आणि तंबाखूमुळे होणाऱ्या मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण गावोगाव आढळतात. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या नियंत्रणासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला, तेव्हा महाराष्ट्रातून प्रथम निवडलेल्या सहा जिल्ह्यांत भंडाऱ्याचा समावेश होता. तपासणी आणि निदान यांवर त्यामुळे लक्ष केंद्रित झाले. परंतु निदान उशिरा झालेल्या आणि बरे होण्याची आशा न उरलेल्या रुग्णाचे, तसेच त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

रुग्णाइतकेच कुटुंबही

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने शोधलेले आहे. त्याला पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच उपशामक सेवा म्हणतात. लंडनमध्ये १९६७ साली डॉ. सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि मरणासन्न रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते, तर मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हा विचार मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ मधील व्याख्येने तर रुग्णाच्या आजारपणात आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या शोकातही कुटुंबाला आधार देणे हा या सेवेचा भाग मानला. याचा अर्थ असा, की रुग्ण गेल्यावर ही सेवा संपत नाही. निदान संपू नये, अशी अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात चित्र वेगळे आहे. जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज भासते आणि त्यांपैकी केवळ १४ टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शोकाकुल कुटुंबांना मिळणारा आधार हा तर त्यातलाही सर्वांत दुर्लक्षित भाग.

महाराष्ट्राची सुरुवात आघाडीची

भारतातील पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच उभे राहिले. मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये 'शांती अवेदना'ची स्थापना केली. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र सुरू झाले. तेथे रुग्णासोबत नातेवाइकालाही राहता येते. जखमेची स्वच्छता, नळीने अन्न देणे, कूस बदलणे अशा गोष्टी त्याला शिकवल्या जातात आणि मगच रुग्णाला घरी पाठवले जाते. नागपुरात 'स्नेहांचल' ही संस्था अखेरच्या टप्प्यातील कर्करुग्णांसाठी काम करते. केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि २०१२ मध्ये असे धोरण स्वीकारणारे महाराष्ट्र हे देशातील दुसरे राज्य ठरले. पुढे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आणि आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांवरील बारा सेवांच्या यादीतही तिला स्थान मिळाले.

केरळ आणि महाराष्ट्र यांच्यात फरक पडला तो गावपातळीवर. केरळमध्ये शेजारीपाजारीच स्वयंसेवक झाले, पंचायतींनी परिचारिकांच्या गृहभेटींची जबाबदारी उचलली. आपल्याकडे धोरण कागदावर आले. पण ते मोहाडीसारख्या तालुक्यातील घराच्या ओसरीपर्यंत नेण्याचा भार आशा स्वयंसेविका, परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या आधीच वाकलेल्या खांद्यांवर पडतो.

वेदनाशमनाचीही अडचण आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील जाचक परवान्यांमुळे ते अनेक वर्षे दुर्मीळ राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी परवान्याची प्रक्रिया सोपी झाली. तरीही रुग्णाला घरी सोडताना 'वेदना वाढल्यास हे औषध कोठे मिळेल' हा प्रश्न विचारणे नातेवाइकांच्या हिताचे ठरते. रात्रभर कण्हणाऱ्या माणसाजवळ हतबल बसून काढलेल्या रात्री पुढे वर्षानुवर्षे त्या घराची पाठ सोडत नाहीत.

रोवणी की रुग्ण?

शुश्रूषेची किंमत पैशातही मोजावी लागते. धानाच्या रोवणीचे दिवस असोत, विड्या वळण्याचे काम असो की मागावरचे विणकाम, दिवस बुडाला की मजुरी बुडाली. घरात रुग्ण असला की दोघांची कमाई थांबते. महात्मा फुले जनआरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांचा भार उचलते. घरी बसून केलेल्या सेवेचा मोबदला मात्र कोणी देत नाही.

अशा वेळी उपयोगी पडतील अशा काही तरतुदी आहेत. त्या माहीत नसल्याने अर्जच होत नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत निराधार विधवांप्रमाणेच कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात अशा आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्या ६५ वर्षांखालील व्यक्तींचाही समावेश आहे. १८ ते ५९ वर्षे वयाचा कमावता माणूस गेल्यास दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. एक पालक गमावलेल्या किंवा पालक गंभीर आजारी असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे.

मृत्यू घरी झाला, तर २१ दिवसांच्या आत नोंद करणे आवश्यक असते. या मुदतीत ती विनाशुल्क होते. मोहाडी शहरात हे काम नगरपंचायतीत, तर खेड्यांत ग्रामपंचायतीत होते. विमा, बँक खाते, निवृत्तिवेतन या सर्वांची सुरुवात याच दाखल्यापासून होते. शेतजमीन असल्यास तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीसाठी कळवावे लागते. दुःखात बुडालेल्या माणसाला ही धावपळ नकोशी वाटते. नेमके हेच काम एखाद्या नातेवाइकाने अंगावर घेतले, तर तो मोठा आधार ठरतो.

तेरवीनंतरची शांतता

आपल्या समाजात शोकाची व्यवस्था नाही, असे म्हणता येणार नाही. सुतकाच्या दिवसांत घरात चूल पेटली नाही तरी जेवण येते, माणसे येऊन बसतात, रडणाऱ्याला रडू दिले जाते. दहावा आणि तेरवी हे शोक टप्प्याटप्प्याने उतरवण्याचेच मार्ग होत. पण तेरवी आटोपते, पाहुणे परततात आणि खरे एकटेपण त्यानंतर सुरू होते. महिनोन्महिने औषधांच्या वेळांवर चालणाऱ्या दिवसाला अचानक आकारच उरत नाही. झोप येत नाही. आली तर हाक ऐकू आल्याचा भास होऊन जाग येते. 'आणखी एका डॉक्टरला दाखवले असते तर' ही टोचणी लागते. 'सुटला एकदाचा' असा विचार मनात आला म्हणून अपराधी वाटते. दीर्घ शुश्रूषेनंतर सुटकेची आणि दुःखाची भावना एकत्र येणे अगदी स्वाभाविक आहे. त्यात प्रेमाची उणीव नसते.

बहुतेकांचा शोक काळाच्या ओघात सौम्य होतो. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ तो तितकाच तीव्र राहिला आणि दैनंदिन व्यवहार अशक्य झाले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार त्याला 'प्रदीर्घ शोक विकार' म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. जगणे नकोसे वाटू लागल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते. उपशामक सेवेबाबत मार्गदर्शनासाठी 'साथ-साथ' हेल्पलाइनचा १८००-२०२-७७७७ हा क्रमांक आहे.

पतीची सेवा करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला आणखी एक आघात येतो. जिने महिनोन्महिने जागून काढले, तिचेच कुंकू पुसून, बांगड्या फोडून तिला कार्यांतून बाजूला सारले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथांविरुद्ध ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात सर्व ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. शोकातील आधाराची सुरुवात अपमान टाळण्यापासून व्हायला हवी, हे त्या छोट्या गावाने दाखवून दिले.

शहरातील नातेवाइकांनी काय करावे?

नागपूर, पुणे, मुंबईत स्थिरावलेल्या अनेकांचे आईवडील अशाच गावांत अखेरचे दिवस काढतात आणि भावजय किंवा बहीण त्यांची सेवा करते. शहरातून आलेला भाऊ शेवटच्या क्षणी 'नागपूरला हलवा' असा आग्रह धरतो, तेव्हा रुग्णाची इच्छा आणि सेवा करणाऱ्याचे कष्ट दोन्ही डावलले जातात. त्यापेक्षा चार दिवसांची रजा काढून रुग्णाजवळ स्वतः बसावे, सेवा करणाऱ्याला झोपू द्यावे, माहेरी किंवा शेतावर जाऊन येऊ द्यावे. रुग्णाला काय हवे आहे, हे तो बोलू शकत असतानाच विचारून घ्यावे. आणि तेरवीनंतर महिन्याने, सणाच्या दिवशी, वर्षश्राद्धाच्या आधी आठवणीने फोन करावा. 'काही लागले तर सांग' म्हणण्यापेक्षा 'शनिवारी येतो' हे शब्द अधिक उपयोगी पडतात.

गृहभेटी, मॉर्फिनची उपलब्धता आणि रुग्ण गेल्यानंतर कुटुंबाची किमान एकदा विचारपूस, या तीन गोष्टी तालुक्याच्या रुग्णालयापासून सुरू होऊ शकतात. त्यांना मोठ्या इमारतीची गरज नाही. गरज आहे ती प्रशिक्षित परिचारिकेची, तिच्यासाठी वाहनाची आणि गावातील चार स्वयंसेवकांची. तेवढे झाले, तर नागपूरहून परतणाऱ्या कुटुंबाला 'घरी न्या' या शब्दांबरोबर आपल्याच तालुक्यातील कोणाचे तरी नाव आणि फोन क्रमांकही मिळेल.