आजीचा डबा पालथा करा!

टीव्हीशेजारी एक डबा असतो. बहुतेक वेळा श्रीखंडाचा, रिकामा झालेला. त्यात आजीच्या गोळ्या. बीपीची, शुगरची, गुडघ्यांची आणि ‘त्या दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली पिवळी’. या रविवारी रील्स जरा बाजूला ठेवा आणि तो डबा पलंगावर पालथा करा.

मी केला तेव्हा तीन डॉक्टरांची मिळून अकरा पाकिटं निघाली. दोन पाकिटांवर ब्रँड वेगळे, पण औषधाचं नाव एकच : मेटफॉर्मिन. एक नुसती, दुसरी ग्लिमेपिराइडसोबतची. नवी सुरू झाल्यावर जुनी बंद करायची होती, ते आजीपर्यंत पोचलंच नव्हतं. सकाळी अकराला तिचे हातपाय थरथरायचे, आम्ही म्हणायचो, ‘वय झालं!’ त्यातून एकादशीला उपास आणि गोळी मात्र नेमानं.

चूक कुणा एकाची नसते. प्रत्येक डॉक्टर आपापला आजार बघतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, किडनीवर ताण येऊ शकतो. बीपीची काही औषधं आणि लघवीची गोळी सोबत चालू असेल तर धोका आणखी वाढतो. पण गुडघे दाखवायला जाताना किडनीचे रिपोर्ट नेतं कोण?

तुम्ही न्या. एका कागदावर सगळं लिहा : औषधाचं मूळ नाव, डोस, वेळ, कशासाठी. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, काढे, चूर्णंसुद्धा. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. आभा कार्ड काढलं नसेल तर काढून टाका. त्या १४ अंकी क्रमांकाला रिपोर्ट जोडता येतात. मग नेहमीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यातलं काही कमी करता येईल का?’ स्वतःच्या डोक्यानं मात्र एकही गोळी बंद करायची नाही. गूगल करून तर नाहीच नाही.

ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१६मध्ये अशा अनेक आजारांच्या रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात एक साधी गोष्ट आहे : रुग्णाला स्वतःला काय महत्त्वाचं वाटतं, ते विचारा.

आम्ही विचारलं. आजी आधी लाजली, मग म्हणाली, ‘मंगळवारी सकाळी भजन असतं. ती लघवीची गोळी घेतली की मधूनच उठावं लागतं. म्हणून त्या दिवशी मी ती घेतच नाही.’

डॉक्टर हसले. म्हणाले, ‘मग मंगळवारी भजनाहून आल्यावर घ्या की, आजी.’