महाविष्णूचा बदलता मेळ

'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' हे नाव ऐकून एखादे भजनी मंडळ डोळ्यांपुढे येते. पण १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये जमलेल्या या पाच जणांत भारतीय एकही नव्हता. गिटारवादक जॉन मॅक्‌लॉफ्लिन इंग्रज. त्यांना गुरू श्री चिन्मय यांनी 'महाविष्णू' नाव दिले, तेच मेळाला मिळाले. ड्रमवादक बिली कोबॅम पनामात जन्मलेले, कीबोर्डवादक यान हॅमर प्रागचे, बास गिटार वाजवणारे रिक लेअर्ड आयरिश, व्हायोलिनवादक जेरी गुडमन अमेरिकन.

जॅझची मोकळीक, रॉकचा दणका आणि वर विषम ताल! 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) ही रचना १८ मात्रांची आहे. गिटारने सूर फेकावा, व्हायोलिनने झेलावा, कीबोर्डने परतवावा. सवाल-जवाबाची ही रीत आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

पण रचना बहुतेक मॅक्‌लॉफ्लिन यांच्याच. इतरांनाही स्वतःच्या चाली वाजवायच्या होत्या. जून १९७३ मध्ये लंडनला त्या ध्वनिमुद्रित झाल्या खऱ्या, पण ती तबकडी निघाली थेट १९९९ साली! वर्षअखेर मेळ फुटला.

१९७४ मध्ये नवा संच आला: व्हायोलिनवर झाँ-ल्यूक पाँती, ड्रमवर नारद मायकेल वॉल्डन. 'अपोकॅलिप्स'मध्ये तर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची साथ. आवाज भरदार झाला; पहिली धार मात्र, आमच्या कानांना तरी, बोथटली.

पुढे मॅक्‌लॉफ्लिन यांनी विजेची गिटार बाजूला ठेवून 'शक्ती' हा मेळ उभा केला. त्यात एल. शंकर यांचे व्हायोलिन, विनायकराम यांचा घटम आणि मुंबईचे दिवंगत झाकिर हुसेन यांचा तबला होता. भारतीय वादक आले ते या मेळात, महाविष्णूत नव्हे.