तांब्याच्या पत्र्याने अजिंठ्याचा लेख दुरुस्त केला

वाशिमला गेलेला माणूस पद्मतीर्थ पाहतो, बाजार फिरतो आणि आपल्यापैकी अनेकजण तिथून पुढे मंगरूळपीरला हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर जातात. पण हेच वाशिम सोळाशे वर्षांपूर्वी एका राज्याची राजधानी होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? आम्हालाही ते उशिराच कळलं. आणि ही राजधानी कशी ओळखू आली, त्याचा किस्सा तर राजाच्या गोष्टीपेक्षाही रंजक आहे.

१९३९ साली वाशिममधल्या एका शास्त्रीबुवांमुळे जुने ताम्रपट उजेडात आले. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं दानपत्र. हे दानपत्र वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात दिलेलं. दिलं कुठून? 'वत्सगुल्म' इथून. वत्सगुल्म म्हणजेच आजचं वाशिम. नांदेडच्या बाजूचं एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना इनाम दिलं होतं.

त्या गावाला मिळालेल्या सवलती वाचून आम्ही थक्क झालो. सैनिकांनी गावात शिरायचं नाही, मिठासाठी जमीन खणायची नाही, फुलं आणि दूध फुकट न्यायचं नाही! म्हणजे इतर गावांत हे सारं सर्रास चालत असणार. रयतेचं दुखणं काय होतं, ते राजाच्या स्तुतीपेक्षा या चार शब्दांतून जास्त कळतं. आणखी एक गोष्ट. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, पण या सवलती आहेत प्राकृतात. प्राकृत हे आपल्या मराठीचं माहेर. २०२४ साली केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला.

हरवलेला राजा सापडला

या पत्र्यांनी एक मोठं कोडं सोडवलं. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात, राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवलेला शिलालेख आहे. त्यात वाकाटक राजांची यादी आहे. पण दगड झिजलेला, अक्षरं पुसट. आधीच्या विद्वानांनी काही नावं अंदाजाने वाचली आणि ती चुकली. वाशिमच्या पत्र्यांत मात्र स्वच्छ लिहिलं होतं, की विंध्यशक्तीचा बाप सर्वसेन आणि सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा. म्हणजे वाकाटकांची एक शाखा रामटेकच्या परिसरात राज्य करत होती, तर दुसरी वाशिमला!

नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला आणि त्या पुसट अक्षरांत सर्वसेन सापडला. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. मिराशींचं हे वाचन १९४१ साली हैदराबादच्या पुरातत्त्व खात्यानेच आपल्या ग्रंथमालेत छापलं. त्या खात्याचे प्रमुख होते गुलाम यजदानी. अजिंठ्याच्या चित्रांवरचे मोठे ग्रंथ सिद्ध करणारे ते हेच. इल्मच्या कामात कोण कुठला, हे कुणी विचारलं नाही.

पुढे वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा इथे आणखी एक शिलालेख मिळाला. त्यावर शक ३८० म्हणजे इ. स. ४५८ हे साल आहे. याच शाखेच्या देवसेन राजाच्या काळी तिथे 'सुदर्शन' नावाचं तळं बांधल्याची ती नोंद आहे. बऱ्याच काळानंतर अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार म्हणून 'बासिम' येतं. राज्यकर्ते बदलले, गाव मात्र नांदत राहिलं.

आपल्या पेटीत काय आहे?

हा किस्सा सांगण्याचं कारण घरचंच आहे. आमच्या घरी दादाजानच्या पेटीत फारसी आणि मोडी कागदांचं एक गाठोडं होतं. कुणाला वाचता येत नव्हतं. घराला रंग द्यायचा म्हणून आवराआवर झाली आणि ते रद्दीत गेलं. त्यात काय होतं, सनद, इनामपत्र की वक्फनामा, हे आता कधीच कळणार नाही. ताम्रपटांच्या नशिबी ते आलं नाही, कारण ते मोडीत घालण्याची घाई कुणी केली नाही.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. घरात जुना कागद, निकाहनामा, खातेवही किंवा कोरलेलं भांडं असेल, तर वाचता येत नाही म्हणून टाकू नका. तांब्याला चिंच-मीठ लावून घासू नका, कागदाला लॅमिनेशन करू नका. आधी मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि फारसी किंवा मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा. अम्मी-अब्बांना, दादी-नानींना विचारा, हे कुठून आलं. त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवा.

राजाचं नाव दगडावरून पुसलं गेलं आणि तांब्याच्या पत्र्याने परत दिलं. आपल्या वाडवडिलांची नावं कशात जपलेली आहेत, ते एकदा पेटी उघडून पाहू या.