आधी पडायला शिका

शेतीखात्याचा माणूस जपानी आयकिडोवर कशाला लिहितो, असे तुम्हाला वाटेल. पण ही झुंजीची विद्या घडवणारे मोरिहेई उएशिबा स्वतः शेतीत राबलेले. १९१२ साली बऱ्याच कुटुंबांना घेऊन ते होक्काइदो बेटावर गेले आणि रान तोडून जमीन वहितीस आणली. १९४२ पासून इवामा गावी त्यांची शेती आणि तालीम शेजारी-शेजारी चालत असे.

तिथे फेकायच्या आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल. डोके टेकू न देता एका खांद्यावरून तिरपे दुसऱ्या कुल्ल्याकडे लोळायचे. हात ताठ टेकायचा नाही. ओल्या बांधावरून घसरलो तेव्हा मी नेमका तोच टेकला. मनगट मोडले, पेरणीचे दिवस प्लास्टरमध्ये गेले!

मुलींना आणखी एक दाखवा. कोणी मनगट धरले तर नुसते मागे ओढू नये. पकड अंगठ्याच्या बाजूला कच्ची असते. कोपर वाकवून हात तिकडून झटक्याने सोडवावा, ओरडावे आणि पळावे. भावंडांत रोज थोडा सराव होऊ द्या. लोळण्याचा सराव मात्र भाताच्या पेंढ्यावर, खळ्याच्या टणक भुईवर नको.