एलटीआयएफआर ०.४२ : कंपनीच्या सुरक्षा अहवालातला हा आकडा कसा वाचायचा

हे आपल्या ताज्या भागाचं लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, आणि या भागात तर आकडेच आकडे आहेत. म्हणून बोललो त्यापेक्षा इथे जरा नीट मांडून लिहितोय. 'म्हणजे बघा' आणि 'काय म्हणतात ते' एवढं गाळलंय.

तर विषय असा. शेअर बाजारात असलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना दरवर्षी आर्थिक अहवालासोबत आणखी एक अहवाल द्यावा लागतो. बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, थोडक्यात बीआरएसआर. सेबीने त्याचा नमुना मे २०२१ मध्ये आणला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून तो सक्तीचा केला. वीज किती वापरली, पाणी किती, कचरा किती, बायकांना पगार किती, असं सगळं त्यात येतं. त्यातली तिसऱ्या तत्त्वाखालची एक छोटीशी तक्ता-चौकट आज आपण बघणार आहोत: कामावर किती माणसं जखमी झाली आणि किती मेली.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. प्लांटमधून येणाऱ्या अपघाताच्या नोंदी गोळा करून हे तक्ते भरणाऱ्या एका प्रणालीवर मी काही काळ काम केलंय. सुरक्षा अधिकारी मी नाही, पण एखादा आकडा कुठल्या कॉलममधून, कुठल्या फिल्टरमधून आणि कुणाच्या ड्रॉपडाउनमधून आला, हे बघायची सवय लागलीये. त्याच सवयीने हे वाचूया.

चौकटीत पहिला मान एलटीआयएफआरला. लॉस्ट टाइम इंज्युरी फ्रिक्वेन्सी रेट. मराठीत सांगायचं तर, ज्या दुखापतीमुळे माणूस पुढच्या पाळीला कामावर येऊ शकला नाही अशा दुखापती, दर दहा लाख मनुष्य-तासांमागे किती. सूत्र सोपं आहे: दुखापतींची संख्या गुणिले १०,००,०००, भागिले वर्षभरात सगळ्यांनी मिळून काम केलेले तास.

उदाहरण घेऊ. कंपनी माझ्या मनातली आहे, आकडे सोयीसाठी गोल आहेत. कारखान्यात २००० माणसं, त्यातली ८०० कायम आणि १२०० कंत्राटी. प्रत्येकजण रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे माणशी २४०० तास. एकूण ४८ लाख तास. वर्षात ६ जण असे जखमी झाले की दुसऱ्या दिवशी येऊ शकले नाहीत. २ कायम, ४ कंत्राटी. सहा गुणिले दहा लाख भागिले अठ्ठेचाळीस लाख. उत्तर १.२५.

आता हाच कारखाना, हेच वर्ष, हीच सहा माणसं. समजा अहवालात फक्त कायम कामगार धरले. दुखापती २, तास १९.२ लाख. उत्तर १.०४. थोडं बरं दिसायला लागलं. आता तिसरा प्रकार, जो माझ्या मते सगळ्यात वाईट: तास सगळ्यांचे धरले, कारण गेटवरच्या हजेरीतून ते आपोआप आले, पण दुखापती फक्त कायम कामगारांच्या, कारण कंत्राटी माणसाची नोंद ठेकेदाराच्या रजिस्टरमध्ये राहिली. दोन भागिले अठ्ठेचाळीस लाख. उत्तर ०.४२. एकही यंत्र बदललं नाही, एकही गार्ड बसला नाही, आणि कारखाना तिप्पट सुरक्षित झाला!

यात कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असेलच असं नाही. अंश एका खात्यातून येतो, छेद दुसऱ्या. सुरक्षा विभाग जखमा मोजतो, टाइम ऑफिस तास मोजतं, आणि ठेकेदाराच्या माणसांचे तास तर कितीतरी ठिकाणी 'डोकी गुणिले ८ गुणिले २६ दिवस' असे अंदाजानेच काढतात, ओव्हरटाइम कधी त्यात असतो, कधी नसतो. दोन्ही बाजूंना माणसं तीच आहेत ना, हे तपासणारा प्रश्न प्रणालीत कुणी विचारलाच नाही तर तो विचारला जात नाही.

सेबीलाही हे लक्षात आलेलं दिसतं. जुलै २०२३ मध्ये 'बीआरएसआर कोअर' आला, म्हणजे मोठ्या अहवालातले निवडक आकडे, जे बाहेरच्या पक्षाकडून तपासून घ्यायचे. २०२३-२४ ला पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५००, आणि २०२६-२७ ला सगळ्या १०००. कोअरमध्ये सुरक्षिततेच्या आकड्यांपुढे स्पष्ट लिहिलंय की कंत्राटी मनुष्यबळ धरूनच सांगा, अगदी बांधकामाच्या साइटवरचे मजूरसुद्धा. आणि तीन गोष्टी मागितल्या: एलटीआयएफआर, मृत्यू, आणि कायमचं अपंगत्व. ही तिसरी गोष्ट महत्त्वाची का, ते आता सांगतो.

'लॉस्ट टाइम' या शब्दांकडेच बघा ना. वेळ कुणाचा वाया गेला? कंपनीचा. म्हणजे हे माप मुळात उत्पादनाच्या नुकसानीचं आहे. माणसाचं किती नुकसान झालं, ते यातून कळत नाही.

तीन कामगार कल्पना करा. पहिल्याची पाठ लचकली, दोन दिवस घरी होता, आता ठणठणीत. नोंद: एक. दुसऱ्याचा हात पॉवर प्रेसमध्ये गेला, तर्जनी मुळापासून गेली, दीड-दोन महिन्यांनी तो परत कामावर आला. नोंद: एक. तिसऱ्याच्या बोटाचं टोक गेलं, डॉक्टरने टाके घातले, आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन: 'ये रे, स्टोअरमध्ये बसून राहा, हजेरी लागेल.' तो आला, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून आठ तास बसला. नोंद: शून्य, कारण वेळ वाया गेलाच नाही. नुकसानभरपाईचा कायदा मात्र या तिघांकडे वेगळ्या नजरेने बघतो. त्याच्या परिशिष्टात संपूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं धरतात, आणि हाडाला धक्का न लागता नुसतं टोक गेलं तरी ५ टक्के. तिथे बोटाला किंमत आहे, पेऱ्यापेऱ्याला आहे. एलटीआयएफआरमध्ये बोट आणि लचक सारखेच.

हलकं काम देणं वाईट असं माझं म्हणणं नाही हां. बरं होणाऱ्या माणसाला झेपेल ते काम देणं ही चांगलीच गोष्ट. पण ते डॉक्टरच्या सल्ल्याने, माणसासाठी, की मार्चअखेरच्या आकड्यासाठी, एवढाच प्रश्न आहे. जिथे विभागाचा बोनस किंवा मॅनेजरचं मूल्यमापन या आकड्याला बांधलेलं असतं, तिथे उत्तर काय येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर उपाय जागतिक मानकाने बराच आधी काढलाय. जीआरआय, म्हणजे ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह, यांचं ४०३ क्रमांकाचं मानक कामावरच्या आरोग्य-सुरक्षिततेचं आहे. ते २०१८ मध्ये नव्याने लिहिलं गेलं आणि जानेवारी २०२१ पासून लागू झालं. त्यात वाया गेलेल्या दिवसांच्या मापाऐवजी 'गंभीर परिणामाची दुखापत' हा निकष पुढे आणला. कसोटी अशी: माणूस सहा महिन्यांत आधीसारखा पूर्ण बरा होईल का? नसेल, तर ती गंभीर, मग तो चौथ्या दिवशी कामावर आला असला तरी. आपल्या वरच्या उदाहरणात दुसरा आणि तिसरा, दोघेही इथे पकडले जातात. बोट सहा महिन्यांत उगवत नाही. कामगार म्हणजे कोण, तेही त्या मानकाने मोठं केलं: पगार कुणीही देवो, ज्याच्या कामावर किंवा कामाच्या जागेवर तुमचं नियंत्रण आहे तो मोजायचा.

बीआरएसआरच्या चौकटीतही एलटीआयएफआरच्या खाली तीन ओळी आहेत: नोंद करण्याजोग्या एकूण दुखापती, मृत्यू, आणि गंभीर परिणामाच्या दुखापती किंवा आजार. बातमीत पहिली ओळ येते, वार्षिक अहवालाच्या चकचकीत पानावर पहिली ओळ येते. तुम्ही मात्र खालून वर वाचा. पहिली ओळ ०.२ आणि खाली मृत्यू ४ असतील, तर आधी त्या चौघांबद्दल विचारा. आणि एकूण दुखापती भरपूर, पण लॉस्ट टाइमवाल्या जवळजवळ नाहीत असं दिसलं, तर स्टोअरमध्ये किती जण बसलेत ते विचारा.

एक तांत्रिक खोच. अमेरिकन पद्धतीत दहा लाख तासांऐवजी दोन लाख तास धरतात. १०० माणसं, आठवड्याला ४० तास, ५० आठवडे, असा तो हिशेब. आपला १.२५ तिथे ०.२५ होतो. दोन कंपन्यांची तुलना करण्याआधी तळाची टीप वाचा. आणि लहान प्लांटच्या 'सलग शून्य'वर फार भाळू नका. १०० माणसांच्या युनिटमध्ये वर्षाला २.४ लाख तासच होतात. एक दुखापत झाली की दर थेट ४.१७, नाही झाली की ०. खरा दर १ असला तरी तिथे सरासरी चार वर्षांत एकच घटना दिसेल. मग एका वर्षाच्या शून्यावरून काय कळणार?

आजारांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळा भाग करायचाय. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत वाळूची धूळ फुप्फुसात जाते, तिचा परिणाम दिसायला वर्षं लागतात. तोवर तो माणूस तिसऱ्या ठेकेदाराकडे काम करत असतो. आजारांच्या रकान्यात 'निरंक' दिसतं त्याचं एक कारण हे.

आणि आपल्या आयटीवाल्यांनी 'आमच्याकडे काय, सगळं शून्यच' म्हणून सोडून देऊ नये. येण्या-जाण्यातले अपघात जीआरआयच्या हिशेबात एरवी धरत नाहीत, पण वाहनाची सोय कंपनीने केली असेल तर धरतात. रात्री अडीचला हिंजवडीहून सोडणारी कंपनीची कॅब त्यात बसते.

आता एका श्रोत्याने विचारलेला प्रश्न, आणि मला वाटतं हाच सगळ्यात मोठा. 'दादा, माझा भाऊ भोसरीत प्रेस शॉपला आहे. त्यांचा माल मोठ्या गाडीच्या कंपनीत जातो. त्याला काही झालं तर ते कुणाच्या अहवालात येणार?'

प्रामाणिक उत्तर: बहुधा कुणाच्याच नाही. प्रेस शॉप शेअर बाजारात नाही, म्हणून त्याचा अहवाल नाही. गाडीच्या कंपनीचा अहवाल तिच्या गेटच्या आतला. सेफ इन इंडिया ही संस्था मानेसर-गुरुग्राम पट्ट्यात जखमी कामगारांना ईएसआयसीची मदत मिळवून देते, आणि 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यांचं चित्र वर्षानुवर्षं तेच आहे: बोटं जातात ती मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांकडे, पॉवर प्रेसवर, आणि जखमींमध्ये कंत्राटी आणि परप्रांतीय कामगार भरपूर.

पुरवठा साखळीची माहिती मागायचा विचार सेबीने केला होता. पहिल्या २५० कंपन्यांसाठी. मग ती पुढे ढकलली गेली आणि मार्च २०२५ च्या परिपत्रकाने २०२५-२६ पासून ऐच्छिक झाली. शिवाय साखळीतला भागीदार म्हणजे कोण? ज्याच्याशी कंपनीचा खरेदी-विक्रीचा व्यवहार मूल्याने २ टक्के किंवा जास्त आहे तो. आता करा गणित. कंपनीची वर्षाची खरेदी १०,००० कोटी असेल, तर २ टक्के म्हणजे २०० कोटी. भावाचं प्रेस शॉप वर्षाला दहा-वीस कोटींचं असेल, आणि तेही थेट गाडीच्या कंपनीला विकत नसेल, मधे आणखी एक पुरवठादार असेल. चाळणीची भोकंच एवढी मोठी आहेत की ते त्यातून सहज पडतं. तिसऱ्या तत्त्वाच्या शीर्षकात मात्र 'मूल्यसाखळीतल्या लोकांसह सर्व कर्मचाऱ्यांचं कल्याण' असं लिहिलेलं आहे.

त्या दादाला मी एवढंच कळवलं की भावाचं ईएसआयचं कार्ड निघालंय का, पगारातून कपात होते तर ती भरली जातेय का, हे आजच बघ. अपघातानंतर घाईघाईने नोंदवलेल्या माणसाचा दावा लढवणं फार अवघड जातं. आणि प्रेसवर दोन हातांचं बटण आहे की पायाचं पेडल, हात आत गेला तर यंत्र थांबवणारा सेन्सर आहे का, असला तर चालू आहे की उत्पादन वाढावं म्हणून बंद करून ठेवलाय, हे भावाला विचार.

हे सगळे बीआरएसआर एनएसई आणि बीएसईच्या साइटवर फुकट मिळतात, पीडीएफमध्येही आणि एक्सबीआरएलमध्येही, म्हणजे कॉम्प्युटरला वाचता येईल अशा फाइलमध्ये. पुढच्या भागात आपण वाहन उद्योगातल्या काही कंपन्यांच्या फाइल घेऊन मृत्यूची ओळ आणि एलटीआयएफआरची ओळ शेजारी शेजारी मांडून बघू. तुमच्या कंपनीचा अहवाल बघायचा असेल तर नाव कळवा, पण सध्या तिथेच नोकरीला असाल तर तुमचं नाव कळवू नका.