कण्हाच्या शिष्याची सही

गेल्या निवडणुकीत माझ्या कुंपणाच्या भिंतीवर रातोरात एक चिन्ह उमटलं. कुणाचं ते सांगत नाही. दोन वेळा चुना मारला, तरी पहिल्याच पावसात ते पुन्हा वर आलं. आमच्या खोपोलीत भिंत फार दिवस कोरी राहत नाही. क्लासवाले, मूळव्याधवाले, भावी नगरसेवक, सगळ्यांचा तिच्यावर डोळा.

कायदा आहे. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा महाराष्ट्राचा १९९५चा अधिनियम. रस्त्यावरून दिसणारी खासगी भिंतही त्यात येते. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबई महापालिकेने २००९ साली उलट वाट धरली आणि तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत लोकांना रंगवायला दिली. पुढे स्वच्छ सर्वेक्षण आलं आणि गावोगावच्या नगरपालिकांनाच रंगाचा छंद लागला: इकडे गाडगेबाबा, तिकडे वारली नाच. वारली चित्रं डहाणू-तलासरीकडची. आमच्याकडच्या ठाकर-कातकऱ्यांना ती पाहुणीच वाटत असणार. असो.

मला ओढ आहे ती कर्जत तालुक्यातल्या एका फार जुन्या भिंतलेखनाची. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. सुताराने लाकडात करावं तसं काम तिथे कातळात केलेलं आहे. चैत्यगृहाच्या डाव्या अंगाला एका भल्यामोठ्या यक्षाचा भग्न अवशेष उरला आहे. अंग गेलं, डोक्यावरचा नक्षीदार साज मात्र शाबूत. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा ती ओळ मला सापडलीच नाही. दुसऱ्या खेपेला एका जाणत्या मित्राने बॅटरीचा झोत आडवा धरला आणि अक्षरं उठून आली. पुढचा अर्धा तास मी तिथून हललो नाही. लेण्यांतल्या लेखांत बहुतेक दात्यांची नावं असतात, कुणी खांब दिला, कुणी पाण्याचं टाकं. इथे हात चालवणाऱ्याचं नाव आहे, आणि त्याच्याही आधी त्याच्या गुरूचं!

आणखी एक गंमत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पितळखोऱ्याला एक यक्ष सापडला. त्याच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवल्याचं कोरलेलं आहे. इथेही यक्ष, तिथेही यक्ष; इथे कण्ह, तिथे कण्हदास. गुरू तोच असेल का? पुरावा नाही, पण मला मोह आवरत नाही.

बलकाच्या आजूबाजूला आता बदाम, बाण आणि इंग्रजी आद्याक्षरं आहेत. बलकाने आधी यक्ष घडवला, मग नाव घातलं. या मंडळींनी पहिला भाग वगळला. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि पुरातत्त्व कायद्याच्या २०१०च्या दुरुस्तीनंतर अशा जागी खरवडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण पहाऱ्याला माणूस नसेल तर कलम काय करणार? माझ्या मते नगरपालिकांनी रंगाचे डबे थोडे कमी घ्यावेत आणि त्या पैशांत कोंढाण्याच्या एखाद्या पोराला तिथे पगारावर बसवावं. कायद्यात हे बसतं की नाही, ते वकिलांनी बघावं.

पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावर धबधबा कोसळतो, तेव्हा अक्षरं वाचायचं नाव नको. दिवाळीनंतर जा. खोपोलीहून लोकलने कर्जत, तिथून रिक्षाने कोंदिवडे, पुढे तासाभराची चाल. बॅटरी न्यायला विसरू नका, आणि झोत आडवा धरा.